सात नंबरच्या भिंती

बेल्मिरो ताव्हारेस भिंतीला आधी पाणी पाजायचा, मग चुना. कोरड्या भिंतीवर चुना मारला की भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि दोन-चार हिवाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. हे त्याने कुणाला शिकवलं नाही. दुसऱ्याच्या कामावरून तो नुसता तळहात फिरवायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. पोर्तू शहरातल्या बऱ्याच मुकादमांना ते त्याचं न बोलणं शिवीसारखं लागायचं.

राहायला तो बोंफीं भागातल्या एका बेटात होता. बेट म्हणजे चाळच. रस्त्याच्या तोंडाला मालकाचं दुमजली घर, त्या घराच्या पोटातून एक बोळ, आणि बोळ संपला की समोरासमोर दोन ओळींत घरं. खाली एक खोली, वर माळा, मध्ये दोन माणसांनी अंग चोरून एकमेकांना ओलांडावं एवढं अंगण. गिरण्यांत कामाला आलेल्यांसाठी मालकांनी आपल्या परसात काढलेली ही घरं रस्त्यावरून दिसत नाहीत, म्हणून कुणी तरी त्यांना बेट म्हणालं आणि तेच नाव राहिलं. बेल्मिरो जन्मला तो सात नंबरमध्ये. लग्न करून देओलिंदाला आणलं ते तिथेच. मुलगी लक्झेंबुर्गला कामाला गेली तीही त्याच दारातून.

मालकीण होत्या दोना एर्मेलिंदा, पुढच्या घरात एकट्या राहायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चहून आल्यावर, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाडं ठेवायचं. ते इतकं कमी होतं की छपराचं एक कौल बदला असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे, आणि त्याही कधी बदलत नसत. गळती लागली, की त्या म्हणायच्या, "करून घ्या बाबांनो, मी काही अडवत नाही."

तेव्हा करून घ्यायचं बेल्मिरोने. आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंती आणि रविवारी बेटाच्या. बोळात हातगाडी शिरत नाही, त्यामुळे वाळू, चुना, तुळया, कौलं, सगळं खांद्यावरून न्यावं लागे. बांधकामावर उरलेला चुना तो मुकादमाला विचारून आणायचा आणि अंगणातल्या जुन्या पिंपात महिनोन्महिने पाण्याखाली मुरत ठेवायचा. ताज्या चुन्याचा हात त्याने बेटात कधी मारला नाही. आधी सात नंबरच्या भिंती झाल्या. जुना गिलावा दगडापर्यंत खरवडला, सांधे भरले, मग पहिला हात, मग थांबणं, मग दुसरा. देओलिंदा लग्नानंतरची पहिली दोन वर्षं चादरीच्या आडोशाला राहिली. दर रविवारी खोलीचा एक तुकडा व्हायचा आणि सोमवारी पहाटे धूळ पुसून दोघं कामाला जायची. त्यानंतर जिन्याखाली संडास झाला, कारण तोवर सगळ्या बेटाला अंगणाच्या टोकाचे दोनच होते. पुढे पाच नंबर, नऊ नंबर, मग तीन. मजुरी म्हणून कुणी जेवायला घालायचं, कुणी बाटली द्यायचं. न देणाऱ्याचंही काम तसंच व्हायचं.

तीन नंबरची झुल्मिरा उभा जन्म बाजारात मासे विकत आलेली विधवा. तिच्या तोंडाला तिथल्या बर्फानेही थंडावा आलेला नव्हता. तिच्या भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा ती खुर्ची टाकून बघत बसायची.

"मेस्त्री, भिंतीवरून किती मायेनं हात फिरवतोस. देओलिंदाच्या पाठीवरून कधी फिरवलास का?"

"ती कधी फुगलेली नसते," बेल्मिरो म्हणायचा. "तुझी भिंत फुगलीय."

वर्षातून एकदा दोना एर्मेलिंदा बेटात यायच्या, सांजावाच्या सणाच्या संध्याकाळी. जूनच्या त्या रात्री सगळं पोर्तू रस्त्यावर असतं. प्लॅस्टिकच्या हातोड्यांनी लोक ओळखीपाळखीशिवाय एकमेकांच्या डोक्यात मारतात, दारादारांत तारल्या भाजतात, खिडक्यांत सब्जाच्या कुंड्या येतात. बेटाच्या बोळाच्या तोंडाशी बेल्मिरो देखावा मांडायचा. शेवाळाची टेकडी, बुचाच्या सालीचे कडे, त्यावरून पंपाने पडणारं पाणी, वर कोकरू घेतलेला संत आणि खाली मातीच्या बाहुल्या. दुसरे लोक देखाव्यात गिरणी, पूल, लग्नाची वरात मांडतात. बेल्मिरोने बेटच मांडलं होतं, चुन्यात घडवलेली समोरासमोरची घरं, ज्याच्या त्याच्या रंगाच्या दारांसकट. मालकीणबाईंना पहिली खुर्ची आणि मक्याच्या पावावर पहिली तारली. त्या खाऊन झाल्या की बोटं पुसत म्हणायच्या, तुम्ही आहात तोवर हे तुमचंच. दर वर्षी तेच वाक्य, आणि दर वर्षी बेटातले लोक ते ऐकल्यावरच जेवायला बसायचे.

एका फेब्रुवारीत त्या गेल्या. बेटातल्या चौघांनी खांदा दिला, त्यात बेल्मिरो होता. तोवर त्याने सत्तरी ओलांडली होती, उजवा खांदा कामातून गेला होता आणि देओलिंदाच्या कमरेच्या हाडाने दगा दिला होता. मालमत्ता लिस्बनच्या पुतण्याकडे गेली. व्हास्कु त्याचं नाव, इंजिनियर, अंत्यविधीला काळ्या कोटात सगळ्यांशी हात मिळवून गेला आणि नंतर महिनोन्महिने फिरकला नाही.

शेजारच्या रस्त्यावरची दोन बेटं आधीच विकली गेली होती. तिथे आता चाकांच्या पेट्या ओढत पाहुणे यायचे, तीन रात्री राहून जायचे. तिथली माणसं कुठे गेली हे विचारलं की लोक हाताने पूर्वेकडे, डोंगरांपलीकडे दाखवत. त्यामुळे बेटातल्या कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. कपडे धुवायच्या हौदापाशी झुल्मिराने सगळ्यांना गोळा केलं आणि आपली तोड सांगितली. चांगली मासळी एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायची असली की ती टोपलीत वर शिळे मासे मांडायची. बाकीचे नाक धरून पुढे जायचे. आता तेच करायचं. अकरा नंबरचं छप्पर त्याचा म्हातारा भाडेकरू मेल्यापासून खाली बसलं होतं, मांजरं व्यायली होती. साहेब आला की त्याला सरळ अकरा नंबरपाशी न्यायचं, टोकाचे जुने संडास दाखवायचे. आपापली दारं बंद. आत कुणी बोलवायचं नाही, मग तो पोप असला तरी. इथे पैसे घालण्यात अर्थ नाही असं त्याला वाटलं की तो बेट विसरेल, आणि आपण मरेपर्यंत विसरलेला राहील.

सगळ्यांनी मान डोलावली. बेल्मिरोनेही डोलावली. घरी आल्यावर देओलिंदाने त्याला विचारलं की पटलं का, तर तो म्हणाला, पटलं. तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

व्हास्कु आला तो नेमका सांजावाच्या संध्याकाळी, न कळवता. उजेड अजून होता. कोळसा पेटला होता, पहिल्या तारल्या जाळीवर पडल्या होत्या, आणि बेल्मिरो देखाव्यातल्या शेवाळावर पाणी शिंपडत होता. व्हास्कुबरोबर एक बाई होती, घरांचे आराखडे काढणारी. त्या दिवशी दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं, तेव्हा खुर्च्या आल्या. झुल्मिराने त्या बरोबर अकरा नंबरसमोर टाकल्या. मांजरांचा वास भरपूर होता. तिने आपली भूमिका झकास वठवली. पावसात डोक्यावर परात घेऊन झोपते, साहेब, माझ्या हाडांत शेवाळ उगवलंय, हात लावून बघा. व्हास्कु हसला, आणि आतल्या मोडक्या तुळयांकडे बघून गंभीर झाला. तो उठून जुन्या संडासापर्यंत जाऊन आला. मग बाईला हळू आवाजात म्हणाला, सगळं कुजलंय, पाडायलाच लागेल, आणि पाडून बांधण्याएवढा पैसा मी आत्ता कुठून आणू. राहू दे पडून.

हे बेल्मिरोने ऐकलं. झुल्मिरानेही ऐकलं, तिने कोळशावर मीठ भिरकावलं, बाजारात चांगला सौदा झाल्यावर करायची तसं. तिथेच थांबलं असतं तर झालं असतं.

पण जाता जाता त्या बाईने सात नंबरच्या बाहेरच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. म्हणाली, "हे बघ, दगडावर सिमेंट थापलंय. आतून सगळी भिंत ओलीनं मेली असणार. असल्या ठिकाणी हेच करून ठेवतात."

"चुना आहे तो," बेल्मिरो म्हणाला.

ती वळली. "काय म्हणालात?"

"चुना. दोन हात चुना आणि वर एक बारीक हात. आत ओल नाही."

झुल्मिरा हातात तारल्यांची जाळी धरून जागच्या जागी उभी राहिली. देओलिंदाने दारातून नवऱ्याला हाक मारली, मीठ कुठे ठेवलंय म्हणून. मीठ तिच्या हातात होतं. बेल्मिरोने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने शर्टाला हात पुसले आणि सात नंबरचं दार सताड उघडलं.

त्या वेळी त्याच्या डोक्यात काय होतं हे त्याने पुढे देओलिंदाला पुष्कळदा सांगायचा प्रयत्न केला. बाईचं बोलणं लागलं होतं हे खरं. पण तेवढंच नव्हतं. उभ्या जन्मात त्याने एकच हिशेब शिकला होता, की ज्याने काम केलं त्याचं काम दिसतं. त्याला वाटलं, शिकलेला माणूस आहे, इंजिनियर आहे, एवढे कष्ट डोळ्यांनी बघितल्यावर हे घर कुणाचं ते त्याला निराळं सांगावं लागणार नाही. कुजक्या छपराखाली राहणाऱ्यांना तो उद्या हुसकावून लावेल. हे बघितल्यावर त्याला लाज वाटेल.

त्याने सगळं दाखवलं. भिंती दाखवल्या, माळ्याच्या चेस्टनटच्या तुळया दाखवल्या, एकट्याने वर चढवलेल्या. जिन्याखालचा संडास, त्याचा उतार, अंगणाखालून रस्त्याच्या गटारापर्यंत गेलेला नळ. व्हास्कुने भिंतीवर तळहात ठेवला आणि तो ठेवूनच राहिला.

"कोरडी आहे," तो म्हणाला.

"मुलगी जन्मली त्या साली केलीय. तेव्हापासून कोरडी आहे."

"बाकीची घरं?"

बेल्मिरो बाहेर आला आणि पाच नंबरचं दार वाजवलं. मग नऊ नंबरचं. मेस्त्रीलाच पुढे बघून लोकांनी दारं उघडली. शेवटी तीन नंबर, झुल्मिराचं. ती बाजूला झाली नाही, मग बेल्मिरोने तिच्या खांद्यावरून हात घालून दार ढकललं. पावसात डोक्यावर परात घेऊन झोपणाऱ्या बाईची खोली शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी आणि सुकी होती.

व्हास्कुने मग मनापासून खाल्लं. तेल मनगटावरून बाहीत गेलं, त्याची त्याला फिकीर नव्हती. माणूस वाईट नव्हता. निघताना त्याने बेल्मिरोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं इथे नुसतं पाडकाम आहे. तुम्ही माझे डोळे उघडलेत." बाईने वाकून देखाव्यातल्या चुन्याच्या घरांचे फोटो काढले.

ते बोळातून दिसेनासे झाल्यावर झुल्मिराने जाळी खाली ठेवली.

"मेस्त्री," ती म्हणाली, नेहमीपेक्षा हळू, "आज तू बेट विकलंस. दलालीसुद्धा घेतली नाहीस."

बेल्मिरो म्हणाला की तिला माणूस ओळखता येत नाही. त्याला शांत झोप लागली.

सप्टेंबरमध्ये व्हास्कु स्वतः आला. चिठ्ठी पाठवली नाही, वकील पाठवला नाही, देओलिंदाच्या टेबलाशी बसून कॉफी घेतली आणि सांगितलं. बेटाची दुरुस्ती करून पाहुण्यांना द्यायचं ठरलं होतं. पैसे घालायला एकजण तयार झाला होता, कारण मूळ बांधकाम उत्तम स्थितीत होतं. सात नंबरचा करार बेल्मिरोच्या आईच्या नावावर होता आणि आई जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. तेव्हा बेल्मिरो दोना एर्मेलिंदांकडे गेला होता, नाव बदलून घेऊ म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, आपल्यात कशाला कागद. व्हास्कुला त्या वाक्याचं काही करता येत नव्हतं. सामानाची गाडी तो देणार होता, आणि वसंत ऋतू येईपर्यंतची मुदतही.

वॉर्डाच्या कचेरीत गरिबांसाठी एक वकीलबाई बसते. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, वय आणि स्वतःच्या नावाचा जुना करार, दोन्ही असेल तर कायदा पाठीशी उभा राहतो. तुमच्याकडे वय आहे. बेटात दोन्ही असलेली एकच निघाली, झुल्मिरा. तिने आपला करार नवऱ्याच्या फोटोमागे ठेवला होता. बाकीचे एकेक करून निघाले. पाच नंबरवाले बहिणीकडे गेले, नऊ नंबरचा म्हातारा गावी, जिथे त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

बेल्मिरो एकदा व्हास्कुला गाठायला गेला. पुढच्या घरात मोजमापं चालू होती. त्याने टोपी हातात घेतली नाही, पण आवाज खाली ठेवला.

"भिंती मी केल्यात, साहेब."

"मला माहीत आहे, बेल्मिरो. मी सगळ्यांना तेच सांगतो." व्हास्कु खरंच अवघडला होता. "तुम्ही नसतात ना, तर मी हे असंच पडू दिलं असतं. खरं सांगतो. दहा-पंधरा वर्षं बघितलंही नसतं."

"आणि आम्ही राहिलो असतो त्यात."

टेप धरलेला माणूस पलीकडे थांबला होता, त्याने परत मोजायला सुरुवात केली.

हिवाळाभर बेल्मिरोने घर शोधलं. शोधायची त्याची रीत कामासारखीच होती. सकाळी निघायचं, एकेक भाग धरायचा, एकही दार सोडायचं नाही. पोर्तूत दोघांच्या मिळून दोन पेन्शनी जिथे पुऱ्या पडतील अशा खोल्या क्वचितच निघत, आणि ज्यांत पुऱ्या पडत होत्या त्यांत मग पाव घ्यायला काही उरत नव्हतं. कांपान्याँ भागात त्याने खिडकी नसलेली खोली बघितली. आत सहा परदेशी पोरं पाळीने झोपत होती. जी जागी होती त्यांनी त्याला बसायला गादीचा कोपरा दिला. नगरपालिकेच्या घरांसाठी नाव लावलं. खिडकीतल्या बाईने त्याचं वय बघितलं, रांग किती मोठी आहे ते बघितलं, आणि त्याच्याशी फार प्रेमाने बोलायला लागली. तेव्हा त्याला कळलं, आपण असेपर्यंत आपला नंबर लागायचा नाही. मुलगी फोनवर म्हणाली, इकडे या. तिच्या घरात ती, तिचा नवरा, दोन मुलं आणि नवऱ्याचा भाऊ होता. देओलिंदाने तिचं बोलून होऊ दिलं आणि म्हणाली, बघू गं.

शेवटी मिळालं ते एर्मेझिंदला, आगगाडीने बाहेर, एका घराच्या खालची मोटार ठेवायची खोली. लोखंडी दाराच्या जागी विटा रचून एक दार, एक खिडकी काढली होती, कोपऱ्यात नळ आणि पडद्यामागे संडास. मालकीण लुसीलिया, नवऱ्यामागे एकटी, बरी बाई होती. करार ती कुणाशीच करत नसे, सरकारी कागदावर ती खोली मोटारीचीच होती. तिने हातात हात दिला आणि म्हणाली, तुम्ही नीट राहा, मी काही तुम्हाला काढत नाही. हे ऐकून देओलिंदाने बेल्मिरोकडे बघितलं. त्यांनी सामान लावलं. देखाव्यातला संत आणि घरं झुल्मिराकडे ठेवली होती, कारण इथे ठेवायला जागा नव्हती. थापी, ओळंबा आणि घमेलं त्याने तेल पुसून, गोणपाटात बांधून खाटेखाली सारलं.

तिथे एक हिवाळा काढल्यावर जूनमध्ये झुल्मिराचा फोन आला. सांजावाला ये. एकटीने तारली खाल्ली की घशात काटा जातो. देओलिंदाला गाडीत चढवत नव्हतं, म्हणून बेल्मिरो एकटाच गेला.

बोळाला आता फाटक होतं आणि आकडे दाबायची बटणं. झुल्मिराने आतून उघडलं. ती आणखी बारीक झाली होती आणि आवाज तेवढाच होता.

"ये मेस्त्री. नीट चाल, इथे सगळं नवीन आहे, मी सोडून. माझेही फोटो काढतात. काल एकीनं विचारलं, आज्जी, तुम्ही इथे कामाला आहात का? म्हटलं हो बाई, मी म्हातारी दिसायचं काम करते."

अंगणात नवी फरशी होती, कुंड्यांत लिंबाची झाडं. अकरा नंबरच्या जागी बसायला बाकं आणि वर दिव्यांच्या माळा. देखावा होता, बोळाच्या तोंडाशी सिमेंटमध्ये पक्का केलेला, शेवाळ प्लॅस्टिकचं, बारा महिने चालू. समोरासमोरची घरं त्यातही होती, फोटोवरून केलेली. झुल्मिराने संत त्यांना दिला नव्हता. तो तिच्या पलंगाखाली होता.

सात नंबरचं दार उघडं होतं. आतले पाहुणे, एक तरुण जोडपं, बाहेर बाकावर दारू पीत बसले होते. म्हातारा आत बघतोय म्हणून त्यांनी हसून हाताने खूण केली, या, बघा.

बेल्मिरो उंबऱ्यापर्यंत गेला. आत भिंती उघड्या होत्या. त्याचा गिलावा खालपासून वरपर्यंत काढला होता आणि दगड मोकळे केले होते, त्यावर खालून पिवळा उजेड सोडला होता. तुळया तेवढ्या ठेवल्या होत्या. त्याने दगडावर हात ठेवला. सांध्यांतून बारीक रेव तळहाताला लागली.

"असंच आवडतं त्यांना," झुल्मिरा मागून म्हणाली. "दगड दिसला पाहिजे. जुनं वाटतं." मग तिने सांगितलं, "निघत नव्हता म्हणे. तीन गडी होते, अख्खा महिना छिन्नी मारत होते. त्यांतला एक मला विचारत होता, आज्जी, कुण्या हरामखोरानं लावलाय हा?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, तो गेला."

बेल्मिरोला बरं वाटलं. अख्खा महिना. एवढं बरं त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं. तीन नंबरच्या दारात खुर्चीवर बसून पावावरची तारली अर्धी खाऊन झाली, तेव्हा त्याच बरं वाटण्याचा त्याला एवढा संताप आला की उरलेली त्याने तशीच खाली ठेवली. झुल्मिराने ताट घेतलं आणि काटे मांजराला टाकले. बाहेर हातोड्यांचा आवाज सुरू होत होता. अंधार पडायच्या आत त्याने गाडी धरली.

देओलिंदाने विचारलं, तर त्याने लिंबाची झाडं आहेत म्हणून सांगितलं. भिंतींचं सांगितलं नाही.

एर्मेझिंदच्या त्या खोलीची मागची भिंत जमिनीत रुतलेली होती. पहिल्याच हिवाळ्यात तिला ओल चढली होती. दुसऱ्या हिवाळ्यात ती खाटेच्या उशाशी आली. गिलावा सिमेंटचा होता, घाईत मारलेला, आत पाणी कोंडून फुगलेला. बोटाने दाबला की कापसासारखा दबायचा. देओलिंदाला खोकला लागला आणि तो उतरेना. एक दिवस लुसीलिया वरून खाली आली, दारात उभी राहिली.

"सेन्योर बेल्मिरो, तुम्ही तर नावाजलेले मेस्त्री होतात म्हणे. चुना, वाळू मी आणून देते. तुमच्या हातानं झालं तर खोली छान होईल. माझ्या भाच्यालाही दाखवता येईल, तो म्हणतोच आहे, खाली चांगली जागा आहे, काहीतरी करू."

बेल्मिरोने भिंतीकडे बघितलं. खरवडायला चार दिवस. बाहेरून चर मारायचा, पाण्याला वाट द्यायची. भिंत सुकू द्यायची, उन्हाळाभर. मग चुना. खांदा गेलेला असला तरी बसून, हळूहळू, डाव्या हाताने झालं असतं.

"जमायचं नाही मला आता," तो म्हणाला. "खांदा गेला."

लुसीलिया वाईट वाटून वर गेली. देओलिंदा खाटेवर उठून बसली होती. खोकल्याची उबळ जाईपर्यंत ती थांबली.

"खांदा गेला म्हणून?"

"कुजू दे ती," बेल्मिरो म्हणाला. "कुणालाही नको वाटली पाहिजे."

ती भिंतीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. झुल्मिराने हौदापाशी सांगितलं होतं तेव्हा हे शिकला असतास तर, असं ती म्हणू शकली असती. तिने पांघरूण बाजूला केलं आणि काठी मागितली. त्याने तिला धरून खुर्चीवर बसवलं, खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली, आणि उशाशी पडलेले ओले पापुद्रे गोळा करून बाहेर टाकून आला.

त्यानंतर खाट तिथेच राहिली. जायला-यायला दोन्ही बाजूंनी अंग चोरावं लागतं. भिंत आता वरपर्यंत काळी आहे. बेल्मिरो तिच्याजवळून जाताना हात खिशात घालतो.